कडी कुणाच्या खांद्यासाठी?

ठासणीची बंदूक घडवणाऱ्याला काम संपत आलं असताना तीन मिलिमीटरची एक अडचण गाठते. वर पोलादी नळी, खाली बार ठासायचा गज सरकवायची पन्हळ आणि दोहोंच्या मध्ये लाकडाचा एक पातळ पडदा. पेन्सिल्व्हेनियाच्या जुन्या घाटाची लांब रायफल असेल तर हा पडदा साधारण तीन मिलिमीटर भरतो. खांद्यावर टाकायच्या पट्ट्याची पुढची कडी बसवायची म्हणजे तिचा स्क्रू आडवा याच पडद्यातून न्यायचा. भोक केसभर वर सरकलं की ड्रिल नळीला घासतं. केसभर खाली गेलं की स्क्रू गजाच्या वाटेत आडवा येतो आणि गज निम्म्यावरच अडकतो. महिनोन्महिने खपून कोरलेला मेपलचा दस्ता या एका भोकापायी वाया जाऊ शकतो.

घाई करणारा माणूस इथेच फसतो. आधी नळीच्या पोटावर आडवी खाच घ्यायची, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद. मग तीत ठोकून बसवलेला लोखंडी कान उचकटून येत नाही. खाच जेमतेम एक मिलिमीटर खोल. लोभाने आणखी खोल गेलं तर जिने बाराचा दाब सोसायचा ती नळीच तिथे पातळ होणार. कानाला भोक पाडायचं ते गोल ठेवायचं नाही, नळीच्या लांबीच्या दिशेने किंचित लांबट करायचं. कारण लाकूड पावसाळी हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं आणि लोखंडाला त्याचं सोयरसुतक नसतं. लांबट भोकामुळे दोघांना आपापल्या परीने हलायला वाव राहतो. नाही तर एखाद्या हिवाळ्यात दस्ता नेमका स्क्रूपाशी चिरतो. मग दोन्ही अंगांनी खुणा करून अर्धं भोक इकडून, अर्धं तिकडून पाडायचं. दोन्ही भोकं आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी, कानाच्या पोटात एकमेकांना भेटली की कारागीर काही बोलत नाही, नुसता श्वास सोडतो.

कडी म्हणजे जाड तारेचा कमानीसारखा वाकवलेला तुकडा. दोन्ही टोकं ठोकून चपटी केलेली आणि त्यांना डोळे पाडलेले. स्क्रू एका डोळ्यातून शिरतो, लाकूड, कान, पुन्हा लाकूड असं ओलांडतो आणि पलीकडच्या डोळ्यातल्या आट्यांत बसतो. आवळायचा तोही बेताने: बोटाने ढकलली तर कडी झुलावी, चालताना मात्र खडखडू नये. मागची सोय सोपी आहे. चापाच्या कमानीपाशी दुसरी कडी, नाही तर दस्त्याच्या खालच्या अंगाला एक बटण, त्यात पट्ट्याचं भोक अडकवलं की झालं.

इतकी उस्तवार करून हातात येतो तो बंदुकीचा असा भाग, ज्याचा बार उडवण्याशी काडीचाही संबंध नाही. चकमक ठिणगी पाडते, रंजक पेटतं, नळी गोळीला वाट दाखवते, दस्ता धक्का सोसतो. कडी नुसती लोंबकळते.

आजच्या हौशी कारागिरांमध्ये या कडीवरून वाद रंगतो, तो वेगळ्याच कारणाने. जर्मन शिकाऱ्यांच्या आखूड, जाडजूड ‘येगर’ रायफलीला पट्टा लावण्याची चाल होती. तीच विद्या घेऊन जर्मन कारागीर अटलांटिक ओलांडून आले आणि अठराव्या शतकात त्यांच्या हातून अमेरिकेची लांब, सडसडीत रायफल घडली. या लांब रायफलींपैकी जितक्या आज टिकून आहेत त्यांतल्या बहुतेकींना कड्या नाहीत. काहींना आहेत. तेव्हा ‘अस्सल’ घाटाची बंदूक करायची तर कडी लावावी की नाही? पेन्सिल्व्हेनियात नाताळानंतर हरणांच्या शिकारीचा एक हंगाम फक्त चकमकीच्या बंदुकांसाठी राखून ठेवलेला असतो. १९७४ पासून ही प्रथा आहे. त्या थंडीत चार किलोचं धूड हातात धरून डोंगर तुडवणाऱ्याला अस्सलपणापेक्षा खांदा प्यारा वाटतो यात नवल नाही. जुन्याशी इमान राखायचं की स्वतःच्या हाडांशी, हा प्रश्न गोड आहे, पण फार खोल नाही. ज्या जुन्या माणसाचा हात भरून आला, त्याने त्या काळीही कडी बसवून घेतली, इतकंच त्याचं उत्तर.

खोल प्रश्न वेगळाच आहे आणि तो विचारला गेला इंग्लंडात, बर्मिंगहॅम शहरात, एका धर्मसभेत.

अठराव्या शतकातलं बर्मिंगहॅम म्हणजे लोखंड, पितळ आणि धूर. तिथे ‘बंदूक करणारा’ असा एक माणूस सापडणं कठीण. नळी ठोकणारा वेगळा, ती आतून रेतणारा वेगळा, चकमकीचा घोडा घासणारा वेगळा. दस्ता कोरणारा, पितळी सामान ओतणारा, गज करणारा, संगीन करणारा हे सगळे आपापल्या पडव्यांत. स्क्रू, चाप, कड्या असलं फुटकळ लोखंडी काम करणारे आणखी निराळे. सरकारी शस्त्रखातं हे भाग वेगवेगळे विकत घेई आणि मग ते जोडून बंदूक उभी करून घेई. म्हणजे त्या शहरात एखादा माणूस जन्मभर फक्त कड्या वाकवत असला पाहिजे. संध्याकाळी हात धुऊन तो घरी जाई तेव्हा त्याने दिवसभर काय केलेलं असे? बंदुका? की नुसत्या तारेच्या कमानी?

कडीवाल्याला हे कुणी विचारलं नाही. विचारलं ते मालकाला.

सॅम्युएल गॅल्टन (धाकटा) हा १७५३ मध्ये जन्मलेला बर्मिंगहॅमचा मोठा बंदूक-कारखानदार. माणूस रसिक आणि विद्वान. जेम्स वॉट, जोसेफ प्रीस्टली, इरॅझमस डार्विन ज्या ‘लूनर सोसायटी’त जमत, तिचा तो सभासद. बोटांच्या ठशांवर पुढे काम करणारा फ्रान्सिस गॅल्टन त्याचाच नातू. आणि धर्माने हा गॅल्टन क्वेकर होता. क्वेकर म्हणजे ख्रिस्ती धर्मातला युद्धाला नकार देणारा पंथ; शस्त्र धरायचं नाही, शपथ घ्यायची नाही, सभेत शांत बसून अंतरातला प्रकाश शोधायचा. या पंथाचा माणूस सैन्याला आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या गुलामांच्या व्यापाऱ्यांना बंदुका पुरवत होता, आणि त्याचं घराणं हे काम दोन पिढ्यांहून जास्त काळ बिनबोभाट करत आलं होतं.

बोभाटा झाला १७९५ मध्ये. फ्रान्सशी युद्ध पेटलेलं होतं आणि बंदुकांना मरणाची मागणी होती. त्याआधी १७९० मध्ये क्वेकरांच्या लंडनच्या वार्षिक सभेने बजावलं होतं की युद्धाची साधनं बनवणाऱ्या-विकणाऱ्या बांधवांना प्रेमाने समजवावं, आणि त्यांनी ऐकलंच नाही तर त्यांना आपलं म्हणू नये. बर्मिंगहॅमच्या मासिक सभेने त्याप्रमाणे गॅल्टनला समज दिली.

गॅल्टनने मान खाली घातली नाही. त्याने लेखी उत्तर दिलं आणि ते आजही वाचणाऱ्याला अस्वस्थ करतं. सत्तर वर्षं आमच्या घरात हाच धंदा आहे, तेव्हा तुमच्यापैकी कुणी हूं की चूं केलं नाही, हा त्याचा पहिला मुद्दा. दुसरा अधिक धारदार. जव पेरणारा शेतकरी, त्याची दारू गाळणारा आणि ती विकणारा हे सगळे दारुड्याच्या दारूबाजीला जबाबदार का? तिसरा तर सभेतल्या प्रत्येकाच्या ताटात हात घालणारा. गुलामांच्या घामातून आलेली साखर, तंबाखू, तांदूळ, कापूस, नीळ तुम्ही वापरता. मग शस्त्र विकणारा युद्धाला जितकी चालना देतो त्यापेक्षा तुम्हीच गुलामगिरीला जास्त चालना देत नाही का? शिवाय कर तर सगळेच भरतात आणि त्या करातूनच लढाया होतात.

थोडक्यात, साखळीत सगळेच आहेत. मलाच का पकडता?

गॅल्टनच्या स्वार्थाकडे बोट दाखवून या उत्तराला वाटेला लावता येणार नाही. त्याचं म्हणणं खरंच आहे. बर्मिंगहॅमच्या बंदुकीत इतके हात गुंतले होते की कुठल्याही एका हाताला ‘हा खुनी’ म्हणता येत नव्हतं. कडी वाकवणारा म्हणेल, मी कुणालाही मारत नाही. नळी ठोकणारा म्हणेल, चकमकीशिवाय माझी नळी म्हणजे पाण्याचा पाइप. संगीनवाल्याची मात्र थोडी पंचाईत होईल.

संगीनवाल्याच्या या पंचाइतीत गॅल्टनच्या जवाच्या दृष्टान्तातली चूक सापडते. जवाचं पुढे काय होणार हे जवावर लिहिलेलं नसतं. त्याची भाकरी होईल, पेज होईल, घोड्याला घालतील किंवा बिअर होईल. बंदुकीचं तसं नाही. ती कुणाकडे जायची आहे हे तिच्या अंगावरच वाचता येतं. नळीच्या टोकाशी संगीन बसवायची खुंटी असली म्हणजे ती बदकं मारायला जाणार नाही. आणि त्या खुंटीच्या जोडीला पुढे एक, मागे एक अशा पक्क्या लोखंडी कड्या असल्या म्हणजे ती अशा माणसाकडे निघाली आहे ज्याला रोज कोसच्या कोस चालायचं आहे, खंदक खणायचे आहेत, ओझी वाहायची आहेत, आणि या सगळ्यात बंदूक एक क्षणही खाली ठेवायची नाही. शिकारी बंदूक घेऊन निघतो आणि परत आला की खुंटीला टांगतो. शिपायाच्या अंगावरून ती उतरतच नाही. हा फरक करणारी वस्तू म्हणजे कडी आणि तिच्यातून गेलेला पट्टा. जो भाग बार उडवत नाही, तोच बंदुकीचा मालक कोण ते सांगतो. कडीवाला बिचारा निरक्षर असेल, पण हे वाचायला अक्षरं लागत नाहीत.

याचं एक टोक आपल्याकडेही येतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेसाठी ३९ इंची नळीची एक मस्केट घडवली जात होती. फ्रान्सशी युद्ध सुरू झाल्यावर बंदुका कमी पडल्या म्हणून ब्रिटिश सरकारने कंपनीचा साठाच उचलला आणि पुढे तोच नमुना आपल्या सैन्यासाठी कायम केला. ‘इंडिया पॅटर्न’ हे त्याचं नाव. बर्मिंगहॅमचे कारखाने त्यानंतर वर्षानुवर्षं हाच नमुना ओतत, ठोकत, घासत राहिले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालन्याजवळच्या असईच्या मैदानावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर कंपनीचे शिपाई उभे राहिले तेव्हा त्यांच्या हातात याच जातीची शस्त्रं होती. गॅल्टनच्या दृष्टान्तातलं जव कुठे जाऊन पिकलं हे पाहायला आपल्याला लांब जायला नको.

वस्तूच्या घाटातच तिचा हेतू दिसतो, तेव्हा घडवणाऱ्याने घाट पाहून ठरवावं, असं म्हणून हा विषय मिटवता आला असता. तसं प्रत्यक्षात करून पाहिलेले लोकही होते. पेन्सिल्व्हेनियातले मोरेव्हियन हे यान हुसच्या परंपरेतले ख्रिस्ती, शस्त्र न धरणारे. ब्रिटिश पार्लमेंटने १७४९ मध्ये कायदा करून त्यांना लष्करी सेवेतून सूट दिली होती. आणि गंमत अशी की अमेरिकेतल्या सर्वांत देखण्या लांब रायफली ज्या मोजक्या जागी घडल्या, त्यांत यांची नाझरेथजवळची ‘ख्रिश्चन्स स्प्रिंग’ ही वसाहत अग्रभागी आहे. जर्मनीतल्या सूलजवळून आलेला आंद्रेआस आल्ब्रेख्त तिथे बंदुका घडवी आणि मुलांना संगीतही शिकवी. त्याच्या मागून आलेला क्रिस्टियन ओर्टर जेमतेम तिशीत, १७७७ मध्ये वारला. त्याने १७७५ मध्ये सही करून ठेवलेली एक रायफल १९७१ मध्ये व्हॅली फोर्जच्या संग्रहालयातून चोरीला गेली आणि जवळजवळ अर्ध्या शतकाने परत मिळाली. या मंडळींनी मनाशी एक रेघ ओढलेली दिसते. रानात पोट भरायला बंदूक लागते, शेजारच्या लेनापे आदिवासींनाही लागते, ती करून देऊ, दुरुस्त करून देऊ. रणांगणावर मात्र आपण जाणार नाही. त्यांच्या रायफलीला संगीन नाही. नक्षी आहे, लाकडावर कोरलेल्या वेली आहेत, पितळी झाकणाची पेटी आहे.

रेघ सुबक होती. १७५५ मध्ये त्यांच्या एका मिशनवर हल्ला होऊन माणसं मारली गेली आणि त्यानंतर बेथलेहेम गावाभोवती कुंपण घालून रात्री पहारे बसले, तेव्हा ती थोडी पुसट झाली. पण तिला खरा तडा गेला २७ वर्षांनी.

८ मार्च १७८२. ओहायोतलं ग्नाडेनहुटेन. मोरेव्हियन धर्म स्वीकारलेले, शस्त्र न उगारणारे ९६ आदिवासी पेन्सिल्व्हेनियाच्याच नागरी सैनिकांनी कोंडून ठार केले. त्यांत ३९ मुलं होती. आदली रात्र त्या लोकांनी प्रार्थना करत आणि भजनं गात काढली होती. मारेकऱ्यांकडे बंदुका होत्याच. पण ज्या साधनाने त्यांनी माणसांमागून माणसं मारली, ते होतं पिपं करणाऱ्या सुताराचं लाकडी घण. मिशनच्याच गावात, पिंपकाराच्या घरात ठेवलेलं.

त्या घणाच्या घाटात काय लिहिलं होतं? पिपाच्या लोखंडी कड्या ठोकून बसवणं, दुसरं काही नाही.

इथे घाटाचा युक्तिवाद लंगडा पडतो. वस्तू हेतू सांगते हे खरं, पण वस्तू हेतू बांधून ठेवत नाही. आणि गॅल्टन मनातल्या मनात हसत असणार: मग माझं जव काय वाईट होतं?

या पेचात एका जुन्या जैन ग्रंथाची मदत होते. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त गृहस्थाने टाळायच्या निरर्थक पापांची यादी आहे. हा ग्रंथ कोल्हापूर-सांगलीकडच्या दिगंबर जैन घरांत परिचयाचा आहे. त्यातलं एक पाप म्हणजे हिंसादान. वधाला कारण होणाऱ्या कोणकोणत्या गोष्टी, हे सांगताना आचार्य तलवार आणि कुऱ्हाड सांगतात हे अपेक्षितच. पण त्याच दमात ते कुदळ सांगतात, विस्तव सांगतात, विष सांगतात आणि साखळीही सांगतात. साखळी! म्हणजे एकात एक अडकवलेल्या कड्याच. कुदळ आणि विस्तव यांच्याशिवाय कुणाचा संसार चालतो? समंतभद्रांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. म्हणून तर त्यांनी दोष ठेवला तो वस्तूवर नाही, तिच्या ‘दाना’वर, ती दुसऱ्याच्या हाती देण्यावर.

बौद्धांचंही तसंच. अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे पाच धंदे सांगितले आहेत: शस्त्रांचा, जिवंत प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. शब्द आहे ‘वणिज्जा’, व्यापार. घडवण्यावर बंदी नाही, विकण्यावर आहे. या यादीतला दुसरा धंदा जिवांच्या विक्रीचा, म्हणजे माणसांच्या विक्रीचाही. गॅल्टनचं घराणं पहिला धंदा करून दुसऱ्याला खतपाणी घालत होतं, हे त्या सभेत कुणाला पाली येत असती तर चटकन दिसलं असतं.

तेव्हा प्रश्न ‘बंदुकीतला कुठला भाग दोषी’ असा विचारला तर त्याचं उत्तर कधीच मिळत नाही. नळीपासून कडीपर्यंत आणि कडीपासून कुदळीपर्यंत तो घरंगळत जातो. ‘कुणाला दिली’ असा विचारला की तो थांबतो. आणि गॅल्टनच्या बाबतीत त्याचं उत्तर शोधायला धर्मग्रंथही लागत नव्हते. त्याच्या स्वतःच्या वह्या पुरेशा होत्या. माल कुणाकडे गेला, किती गेला, पैसे कधी आले, सगळं लिहिलेलं. जव विकणाऱ्याला दारुडा माहीत नसतो. गॅल्टनला त्याचं गिऱ्हाईक नावानिशी माहीत होतं.

महाभारतात मिथिलेचा धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला ज्ञान सांगतो. तो दुकानात मांस विकत बसलेला आहे. तो म्हणतो, मी स्वतः मारत नाही, इतरांनी मारलेलं विकतो. आणि पुढे हेही सांगतो की नांगर चालला तरी जमिनीतले असंख्य जीव मरतात, हिंसेशिवाय जगणारा कुणीच नाही. म्हणजे गॅल्टनचा ‘साखळीत सगळेच आहेत’ हा मुद्दा दोन हजार वर्षं आधी एका खाटकाने मांडून ठेवला आहे. फरक एवढाच की व्याध त्याच तोंडाने आपलं काम घोर आहे असंही म्हणतो. सगळे गुंतलेले आहेत म्हणून मी सुटलो, असं त्याला वाटत नाही. गॅल्टनच्या पत्रात अक्कल आहे, वकिली आहे, सभेच्या ढोंगावर बरोबर नेम धरलेला आहे. ‘घोर’ हा शब्द मात्र त्यात नाही.

आपल्याकडे एक समजूत खोल रुजलेली आहे: काम मन लावून केलं की ते पूजाच. कांदा-मुळ्यात विठ्ठल पाहणारा सावता माळी त्याचा साक्षीदार. तीन मिलिमीटरच्या पडद्यात भोक पाडताना श्वास रोखणाऱ्या कारागिराला पाहिलं की ते पटतंही. त्या क्षणी त्याच्यासाठी जगात दुसरं काही नसतं. पण याच परंपरेत तेरचा गोरा कुंभारही आहे. चिखल तुडवताना तो नामात इतका रंगला की पायाखाली आपलंच मूल आलं हे त्याला कळलं नाही. कथा पुढे विठ्ठलाच्या कृपेने गोड होते, आणि कीर्तनकार तिथे लवकर पोचतात. त्यांनी थोडं अलीकडे थांबायला हरकत नाही. तल्लीनता खरी, भक्ती खरी, आणि पायाखालचं मूलही खरं.

ही काही परक्या मुलखातली गोष्ट नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा आहे. वरणगाव, भंडारा, अंबाझरी, चांदा अशा ठिकाणी संरक्षण खात्याच्या कारखान्यांवर पिढ्या जगल्या आहेत. मुलांची शिक्षणं, मुलींची लग्नं त्याच पगारावर झाली. खंडेनवमीला तिथल्या यंत्रांनाही झेंडूची माळ आणि हळदकुंकू लागतं. लेथवर एखादा छोटासा भाग कातणाऱ्या कामगाराला ‘तू हिंसा करतोस का’ असं विचारणं उद्धटपणाचं होईल. कारण देणारा तो नाही. कुणाला द्यायचं, कुणावर चालवायचं, हे त्याच्या लेथपासून फार लांब ठरतं. जिथे ठरतं त्या जागी मत देऊन माणसं बसवणारे मात्र आपणच, आणि शस्त्रांच्या निर्यातीचे आकडे वर्तमानपत्रात आले की अभिमानाने वाचतो तेही आपणच. ती बातमी वाचताना माल कोणत्या देशाला गेला ही ओळ शोधावी. बहुधा ती शेवटच्या परिच्छेदात असते, आणि कधी कधी नसतेच.

हौशी कारागिराची गोष्ट त्यामानाने सोपी आहे. तो बंदूक स्वतःसाठी करतो. हरणामागे जाईल, नाही तर भिंतीवर टांगेल. देणारा आणि घेणारा एकच, म्हणून कडी कुणाच्या खांद्यासाठी हे त्याला विचारावं लागत नाही. पुढे ती रायफल विकायची वेळ आली तर विचारावं लागेल. अमेरिकेच्या १९६८ च्या बंदूक कायद्यानुसार अशा ठासणीच्या बंदुका ‘पुरातन’ धरल्या जातात आणि आधुनिक बंदुकांचे केंद्रीय निर्बंध त्यांना लागू होत नाहीत. म्हणजे विचारायचं काम कायदा करत नाही, ते विकणाऱ्यानेच करायचं.

राहिला गॅल्टन. बर्मिंगहॅमच्या सभेने त्याचं पत्र वाचलं, साखर आणि कापसाचे टोमणे ऐकून घेतले आणि १० ऑगस्ट १७९६ रोजी त्याला आपलं म्हणणं सोडलं. सभासदत्व गेलं. त्यानंतरही तो क्वेकरांच्या उपासनेला जाऊन बसत राहिला. कारखानाही चालू राहिला.